फिशपॉन्डमधली चिठ्ठी

कोपरखैरणे,
९ नोव्हेंबर १९९७

उज्वला,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. आज तो मनापासून येत नाहीये, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

शूटिंगला पाचगणीला पोचल्याचं तुझं पत्र आईच्या नावावर आलं. आईला वाचता येत नाही, म्हणजे ते मीच वाचणार हे तुला ठाऊक होतं. तरी 'ताईला सांग' एवढंसुद्धा त्यात नव्हतं. जाताना मी तुला जे बोलले ते आपल्या घरांच्या अख्ख्या लाइनीने ऐकलं, तेव्हा तुझा राग मला कळतो. माझाही जरा कळून घे.

आबा तुला एस.टी.वर सोडायला निघाले ते मी गच्चीवरून बघत होते. मार्केटात दिवसभर कांद्याच्या गोणी पाठीवर वाहणारा माणूस तुझी बॅग लहान पोर धरावं तशी छातीशी धरून चालला होता. मी एफ.वाय.ला असताना गॅदरिंगच्या नाचात भाग घ्यायचा म्हटलं, तेव्हा याच आबांनी "नाचायचं काम आपल्या घरात न्हाई" म्हणून ताट सरकवलं होतं. तुझ्या वेळी त्यांनी डबा करून द्यायला सांगितलं. मधल्या पाच वर्षांत आबा बदलले, का थोरलीला अडवून त्यांची हौस फिटली, ते त्यांनाच विचार.

मे महिन्यात तुझ्या नेरूळच्या कॉलेजात शूटिंग आलं. गर्दीत उभ्या राहायला मुली हव्या होत्या, तू गेलीस, आणि परत आलीस ती चार सीन आणि अकरा डायलॉग घेऊन. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून मी भांडले नाही. पिक्चर कसला, तर हिंदी, कॉलेजातल्या पोरांचा, विनोदी. एक मुलगा दोन मुलींना एकाच वेळी फिरवतो, दोघींना ते कळतं आणि दोघी मिळून त्याची खोड जिरवतात. गोष्ट लिहिणाऱ्या तुमच्या सरोजिनी मॅडमना शेवट सुचत नव्हता, आणि तू म्हणालीस, "मॅडम, माझ्या ताईने हे खरंच केलंय."

भांडण त्याचं आहे. ती गोष्ट मी तुला गच्चीवर कुरडया राखताना सांगितली होती. तुला एकटीला.

आता सांगितलीच आहेस तर निदान नीट सांगितलीस का? कुलदीप माझ्या वर्गात होता. तुर्भ्याला त्याच्या वडिलांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. आई आजारी असते, लिहायला वेळ मिळत नाही म्हणायचा, म्हणून त्याचं कॉस्टिंगचं जर्नल मी लिहून द्यायची. एस.वाय.ला सरांनी ते जर्नल भर वर्गात वर धरलं आणि विचारलं, "एका मुलाची दोन अक्षरं कशी?" अर्धी पानं माझ्या अक्षरात होती. उरलेली कुणाची म्हणून मी मान वळवली, तोवर मनस्वीने मान खाली घातली होती. तिलाही त्याने तीच आजारी आई सांगितली होती, फक्त आजार वेगळा.

मग आम्ही दोघींनी ठरवलं. गॅदरिंगला फिशपॉन्ड असतो, डब्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि त्या माईकवर वाचल्या जातात. आम्ही त्याच्यावर चिठ्ठी टाकली: 'एका जर्नलची दोन अक्षरं, एका आईचे दोन आजार, ओळखा कोण?' ती वाचली गेली, आम्ही दोघी उठून स्टेजवर गेलो, त्याने दिलेल्या वस्तू त्याच्या पुढ्यात ठेवल्या, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. बास, एवढंच.

आता माझ्या जागी वांद्र्याची कुणी उंच, गोरी मुलगी उभी राहणार म्हणे. आणि माईकवर ती चिठ्ठी वाचणारी मैत्रीण तू. म्हणजे माझ्याच गोष्टीत तुला जागा मिळाली आणि मला नाही.

तिथे थंडी असेल. आईने दिलेला स्वेटर घाल. तो माझा आहे.

राजेश्वरी

कोपरखैरणे,
२ डिसेंबर १९९७

उज्वला,

या वेळी पाकिटावर माझं नाव बघून बरं वाटलं. आत उघडलं तर चार पानांतली तीन मनस्वीबद्दल. ती कशी दिसायची, तिचा स्वभाव कसा होता, आता कुठे असते. सरोजिनी मॅडमना आम्हा दोघींना पहिल्या शोला बोलवायचंय, म्हणून तिचा पत्ता हवाय.

पत्ता माझ्याकडे नाही. तिचं लग्न झालं, ती वापीला असते. नवऱ्याची तिकडे कंपनीत नोकरी आहे. पत्रव्यवहार नाही. तिच्या माहेरी जाऊन विचारत बसू नकोस, जुनी माणसं आहेत, त्यांना सिनेमाचं आवडणार नाही.

दिसायची कशी, तर सावळी. बांधा भरलेला. केस खूप. नेरूळ गावातली, आगऱ्यांची. बोलताना मधेच गावचं बोलायची आणि स्वतःच हसायची. लोकांना ती आवडायची. का, ते मला विचारू नकोस, मी दोन वर्षं तिच्या शेजारच्या बाकावर बसूनही मला कळलं नाही. माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. मार्क माझे जास्त होते. मी कुणाशी मोठ्याने बोलायची नाही. तरी कँटीनमध्ये खुर्ची ओढून दिली जायची ती तिला.

सरांनी ते जर्नल परत दिल्यावर मी ते एकदा घरी आणलं होतं, हे तुला माहीत नाही. एकेक पान बघितलं. माझ्या पानांवर त्याने काहीच केलं नव्हतं, वहीवर पाणी सांडल्याचा एक डाग तेवढा होता. तिच्या पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुलं काढलेली. एका पानावर तर नुसतं 'म' लिहून त्याला वेल गुंडाळला होता. तिला त्याने मोटरसायकलवरून उरणला नेलं होतं, पीरवाडीच्या समुद्रावर. हे तिनेच मला सांगितलं, अगदी सहज, आमची चिठ्ठी लिहिता लिहिता. मला तो वाशीच्या डेपोसमोरच्या रसाच्या गाडीपुढे कधी घेऊन गेला नाही.

तू म्हणशील, दोघींना फसवणाऱ्या मुलाने कुणाला जास्त फसवलं याचा हिशेब कसला. असतो हिशेब. तू अजून लहान आहेस.

आबा तुझ्या डायलॉगांची गिनती मार्केटात सांगतात. अकराचे आता सोळा झालेत म्हणे, खरं का?

राजेश्वरी

कोपरखैरणे,
२४ मे १९९८

उज्वला,

शुक्रवारी पिक्चर लागला. तू हैदराबादला दुसऱ्या शूटिंगला, म्हणून इथे काय झालं ते मीच लिहायला हवं. आई सारखी म्हणतेय, "आगं लिही की तिला, पोर वाट बघत आसंल."

काल आपल्या लाइनीतली चाळीसेक माणसं वाशीच्या थेटरात गेली. पुढे आबा, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. मंडळाचे हौसेराव काका हार घेऊन आले होते, तो कुणाला घालायचा तेच कळेना, शेवटी पोस्टरला घातला. तू पोस्टरवर उजवीकडे खाली आहेस, बोटाच्या पेराएवढी. आईने तिथे हात लावून कडाकडा बोटं मोडली.

इंटरवलला आबा खुर्चीवरून उठले आणि लोकांना सांगायला लागले, "यात माझी धाकटी हाय, पण गोष्ट माझ्या थोरलीची हाय. ह्या दोन पोरींतली एक म्हंजी ही, राजेश्वरी. खरं घडल्यालं हाय." माणसं मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. एका बाईने आपल्या मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. उज्वला, आबांनी आजवर माझ्यासाठी असं उभं राहून चार लोकांत काही सांगितलं नव्हतं. मला खाली बसवेना आणि उभं राहवेना.

आणि मग शेवट. निवेदक चिठ्ठी वाचायला कचरतो, आणि तू त्याच्या हातातून माईक ओढून घेतेस. तो ओढतानाच थेटर हसायला लागलं. तू चिठ्ठी वाचलीस, थांबलीस, मुलाकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "उठो, बेटा, दोनों मम्मियाँ बुला रही हैं." शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारचे म्हातारबा डोळे पुसत होते हसून हसून. त्या दोघी हातात हात घालून स्टेजवर आल्या.

तू छान केलंस. हे एक वाक्य लिहिण्यासाठी मी पेन तीनदा खाली ठेवलं. तू इतकं छान केलंस की मला तुझा राग राग आला. तुझ्या डोळ्यांत भीती नव्हती. कुठून आणलीस ती ताकद? माझ्याकडून तर नाही.

लोक हसत होते तेव्हा आमच्या पुढे चार रांगांवर एक बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी खुर्चीवर लहान मुलगी उभी होती, भाची असावी. पडद्याच्या उजेडात तिचे केस दिसले आणि मी आईच्या मागे वाकले. दिवे लागायच्या आत मी बाहेर पडले, घरी चालत आले.

ती मनस्वी होती. ती वापीहून आली नव्हती. ती वापीला कधी गेलीच नाही. तिचं लग्नही झालेलं नाही. नेरूळ गावात त्यांच्या नव्या बिल्डिंगखाली तिचं झेरॉक्सचं आणि एस.टी.डी.चं दुकान आहे. मी नेरूळला क्लासच्या ऑफिसात कामाला जाते, तेव्हा गावाचा स्टॉप सोडून पुढच्या स्टॉपला उतरते आणि मागून चालत येते. दोन वर्षं झाली.

हौसेराव काकांनी मंडळातर्फे आपल्या दोघींचा सत्कार ठरवलाय, तू परत आलीस की. आबा सगळ्यांना सांगत सुटलेत.

राजेश्वरी

कोपरखैरणे,
३१ मे १९९८

उज्वला,

शेजारच्या काकूंकडे तुझा फोन आला, मी घरात असूनही घेतला नाही. आईने तुझा निरोप दिला. "ती इचारतीया, मनस्वी वापीला न्हवती तर ताई खोटं का बोलली." तू हुशार आहेस. मला वाटलं होतं तू सत्काराबद्दल विचारशील.

तर ऐक. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

चिठ्ठी आम्ही लिहिली, ते खरं. ठरलं तेही खरं, मी म्हणाले तसंच: ती वाचली की दोघींनी उठायचं. मनस्वीला भीती वाटत होती. "मी एकटी नाय जायची हां," ती म्हणाली, "तू उठलीस काय मी उठनार." मी म्हटलं, "मी उठेन." चिठ्ठी डब्यात तिनेच टाकली, निळ्या कागदाची, ओळखू यावी म्हणून.

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी वाशीच्या सेक्टर नऊमधल्या पी.सी.ओ.वरून कुलदीपच्या ऑफिसात फोन केला. का केला ते चार वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आले. त्याला सावध करावं, चारचौघांत अब्रू जाऊ नये, वगैरे. तसं काही नव्हतं. मला वाटलं, मी सांगितलं तर त्याला कळेल की दोघींत त्याची खरी कोण. चिठ्ठीत काय आहे ते सांगितलं. कागद निळा आहे हेही सांगितलं.

तो म्हणाला, "राजू, तू नसतीस तर मी मेलोच होतो." मला राजू कुणी म्हणत नव्हतं. मी ते नाव घेऊन बसने घरी आले. त्या बसमध्ये मी जितकी सुखात होते तितकी त्याआधी नव्हते आणि नंतरही नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहायचं ठरवलंय तर सगळं लिहिते.

सकाळी मनस्वीला निरोप पाठवला, ताप आहे, येत नाही. कुलदीप चिठ्ठी डब्यातून काढून घेईल, तेव्हा मनस्वी उठणार नाही, तिचं काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब होता. मी मात्र गेले. आईची हिरवी साडी नेसून गेले, हॉलमध्ये मागे खांबाशी उभी राहिले. तो कार्यक्रमानंतर मला शोधत येईल म्हणून.

फिशपॉन्ड वाचणारा कुलदीपचाच मित्र होता. तासभर चिठ्ठ्या चालल्या. मग त्याने निळा कागद वर धरला. मनस्वीने तो रंग बघितला आणि ती उठली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, त्यात त्याने दिलेलं घड्याळ आणि एक ओढणी. मी नव्हते तरी ती उठली, एकटी. 'मी एकटी नाय जायची' म्हणालेली तीच.

ती जिन्यावर पोचेपर्यंत तो वाचायला लागला. कागद तसाच निळा होता, मजकूर वेगळा होता. तिच्यावर होता. तिच्या नावानिशी. 'कितीही अत्तर लावलं तरी जर्नलच्या पानांना सुक्या बोंबलाचा वास येतोच. मनस्वी, नेरूळ गाव.'

सगळा हॉल हसला. ती स्टेजच्या मधोमध पिशवी घेऊन उभी होती, तिला उतरायचं कुठून ते सुचेना. कुणीतरी नाकाला रुमाल लावला, मग पुष्कळांनी लावला. कुलदीप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

त्या दिवसानंतर ती कॉलेजला आली नाही. एस.वाय.ची परीक्षा दिली नाही. कुलदीप मला दोन दिवसांनी जिन्यात भेटला, "थँक्स, यार," म्हणाला आणि पुढे गेला. वर्षाच्या शेवटी तो पुण्याला गेला. मला राजूसुद्धा म्हणाला नाही.

तुला गच्चीवर जी गोष्ट सांगितली ती मी आधी स्वतःलाच पुष्कळदा सांगितली होती. इतकी की सांगताना अडखळत नव्हते. तू तोंड उघडं टाकून ऐकत होतीस. तेवढ्यापुरती मी तुझी हिरॉइन झाले होते, आणि मला ते सोडवलं नाही.

राजेश्वरी

कोपरखैरणे,
१४ जून १९९८

उज्वला,

तुझं पत्र मिळालं. एकाच ओळीचं. 'ताई, तू तिला जाऊन सांग, नाहीतर मी सांगेन.' धाकटी असून हुकूम सोडतेस. पण गेले.

आधी आबांना सांगितलं, सत्काराचं थांबवायला हवं होतं म्हणून. ते जेवत होते. सगळं ऐकून घेतलं, ताटात हात धुतला.  मग विचारलं, "त्या पोरीच्या बापाला ठाव हाय का हे?" मी म्हटलं, नाही, तिने घरी फक्त शिकायचं नाही एवढंच सांगितलं होतं. "मग माझ्या तोंडातनंबी जायाचं न्हाई," म्हणाले आणि उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलतात, पण मार्केटातलं काही सांगत नाहीत. हौसेराव काकांना त्यांनी सांगितलं, धाकटीचा एकटीचा सत्कार करा. तुझं बरं झालं बघ, हार दोन माणसांत वाटायचा राहिला नाही.

बुधवारी मी नेरूळ गावाच्या स्टॉपला उतरले. दुकान उघडं होतं. मनस्वी मशीनवर कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होती. मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. उज्वला, तो फुलायला नको होता.

"राजेश्वरी? ये गो, बस. कवा आयलीस? पानी देऊ?"

तिने स्टूल पुसून दिलं. गिऱ्हाईक गेल्यावर समोर बसली आणि तीच बोलायला लागली, मला तोंड उघडू न देता. "तुझ्या बहिनीचा पिक्चर मी तीनदा बगितला. पहिल्या दिवशी बगितला, मग भाचीला घेऊन, तवा तुझा बापूस इंटरवलला उभा राहून बोलला ते ऐकला, मग एकटी. काय माईक ओढते गो ती. मना जाम बरा वाटला. मी घरी येऊन जेवले, चांगली पोटभर."

मी म्हटलं, "मनस्वी, मला तुला एक सांगायचंय."

"मना माहीत हाय," ती म्हणाली. मी स्टूलवरून अर्धी उठले. पण तिला दुसरंच म्हणायचं होतं. "तू बहिनीला असाच सांगितलंस ना, का आपण दोघी स्टेजवर गेलो आनि जिंकलो? माझ्यासाठी. जे झाला ते कुनाला कळू नये म्हनून. मी थेटरात बसून तोच विचार केला. चार वर्सांत माझ्यासाठी कुनी असा काय केला नाय." मग म्हणाली, "तवा तू आजारी व्हतीस, ते बरा झाला. मी घरी जाऊन रडले, पन त्यातपन मनात आला, ती तरी सुटली."

मी उठून बाहेर पडू शकले असते. बसस्टॉप समोर दिसत होता. ती आयुष्यभर मला चांगली समजली असती, आणि तुझा पिक्चर तिला पोटभर जेवू घालत राहिला असता. पण तू सांगशील ही भीती होती, खोटं कशाला लिहू. आणि दुसरंही काही असेल, त्याला नाव देता येत नाही.

मी सांगितलं. फोनचं, निळ्या कागदाचं, तापाचं. सांगताना काउंटरवरच्या खोडरबरांच्या डब्याकडे बघत होते.

संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "म्हनजे तू तिथं व्हतीस."

"हो."

"कुठं?"

"मागे. खांबाशी."

"समदी हसली तवा तू हसलीस?"

मागच्या पत्रात मी तुला 'सगळा हॉल हसला' असं लिहिलं होतं. सगळ्या हॉलमध्ये मी होते. मी तिला हो म्हणाले.

तिने सातबाऱ्याची उरलेली पानं एकावर एक नीट लावली. मग म्हणाली, "ती चिठ्ठी कुलदीपने लिवली. पन त्याला सुक्या मासळीचा कसा कळला? तो आमच्या घरी कदी आला नाय. जर्नल मी आतल्या खोलीत लिवायची, आईची सुकट जिथं टांगलेली असायची तिथं. ते फक्त तू एकदा आलेलीस तवा बगितलंस."

 फोनवर मी त्याला तेही सांगितलं होतं. त्याने विचारलं नव्हतं. 'तिच्या पानांना वास येतो, तुला येत नाही का?' असं मी आपणहून म्हणाले होते, आणि तो हसला होता, आणि त्या पेन्सिलीच्या फुलांचा सूड उगवल्यासारखं मला वाटलं होतं. हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. तिला मी ते तोंडाने सांगितलं नाही, पण तिला कळलं.

दुकानात गिऱ्हाईक आलं. तिने त्याच्या रेशनकार्डाच्या दोन प्रती काढल्या, सुट्टे दिले. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा आता. शिव्या देईन असा वाटत असंल तर नाय देनार." मी दाराशी पोचले तेव्हा तिने हाक मारली. वाटलं, काही बोलेल. "तुझी बहीन परत आली का तिला पाठव," म्हणाली. "तिला भेटायचा हाय. तिला यातला काय माहीत व्हता काय?"

"नाही," मी म्हटलं. "तिला खरंच वाटलं होतं."

"मग पाठव तिला."

उज्वला, तुझ्या अकरा का सोळा डायलॉगांनी त्या मुलीला जे मिळालं, ते मी खरं बोलून पाच मिनिटांत काढून घेतलं. आता चौथ्यांदा ती तो पिक्चर बघेल असं मला वाटत नाही. तरी तिला भेटायचंय ते तुलाच. बसमध्ये मी रडेन असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. मी फक्त विचार करत होते, की ती तुला स्टूल पुसून देईल, पाणी देईल, आणि तू तिथे हवी तितकी बसशील. अजूनही हेवाच. तिचा करायची तो संपतो न संपतो तोवर तुझा सुरू झाला. आता लपवत तरी नाही एवढंच.

तू आलीस की तिच्याकडे जा. नेरूळ गावाचा स्टॉप, उतरल्यावर डाव्या हाताला पंढरी पाटलांची दोन मजली बिल्डिंग, खाली दुकान. रविवारी बंद असतं. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण पिक्चरचे फोटो वगैरे नेऊ नकोस. माझी बाजू घेऊन बोलू नकोस. मी बरोबर येणार नाही.

ती माझ्याबद्दल काही बोलली तर मला कळवू नकोस.

नाही, कळव. काहीही बोलली तरी कळव.

तुझी ताई,
राजेश्वरी